चेनसॉची चेन: ताण कसा द्यावा आणि मशीन कसे जपावे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली, मंडणगड या पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये नारळ, पोफळी, आंबे, फणस मुळासकट आडवे झाले, तेव्हा कुऱ्हाड आणि करवत यांच्या बळावर हे काम आवरणारे नाही, हे अनेक बागायतदारांच्या लक्षात आले. आज बागेतल्या खोलीत फवारणी पंपाच्या शेजारी पेट्रोलवर चालणारे एखादे चेनसॉ दिसणे नवलाचे राहिलेले नाही. दुकानदार मशीन चालू करून दाखवतो, पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचे ते सांगतो. पण चेनचा ताण कसा पाहायचा, हे हातात पाना देऊन शिकवणारे थोडेच भेटतात. नवख्या माणसाची ‘मशीन कापत नाही’ ही तक्रार इंजिनामुळे क्वचितच उद्भवते. बहुतेक वेळा दोष ताणात, तेलात किंवा धारेत असतो, आणि या तिन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की कोणत्याही एकीकडे दुर्लक्ष झाले तरी चेन वारंवार ढिली पडू लागते. त्यामुळे ताण देता येणे जितके गरजेचे, तितकेच ताण का टिकत नाही हे ओळखता येणेही गरजेचे आहे.

चेनची जुजबी ओळख

ज्या लांबट पोलादी पात्यावरून चेन फिरते, तो गाईड बार. त्याच्या कडेला सर्व बाजूंनी एक अरुंद खाच असते. चेनच्या खालच्या अंगाला असलेल्या टोकदार ड्राइव्ह लिंक या खाचेतून धावतात. इंजिनाकडच्या टोकाला स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, त्यांना ओढते, तर बारच्या पुढच्या टोकातले छोटे चाक त्यांना वळवून परत पाठवते. वरच्या अंगाला एकाआड एक डावे आणि उजवे दात असतात. प्रत्येक दाताच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो, त्याला रेकर म्हणतात. दाताने एका वेळी किती जाडीची ढलपी काढायची, ते रेकरच्या उंचीवर ठरते.

या दातांची घडण कोठून आली, हे आंबा बागायतदाराला ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ साली एका भुंगेऱ्याची अळी कडक लाकूड डावीकडे-उजवीकडे कुरतडत सहज पुढे जाताना पाहिली आणि तिच्या जबड्यांवरून आजच्या चेनचा दात घडवला. १९४७ पासून ती चेन बाजारात आली. ती अळी ज्या कुळातली, त्याच कुळातली आपल्या आंब्याचे खोड पोखरणारी भिरूड.

नवी चेन घेताना तीन आकडे जुळावे लागतात: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. हे आकडे बहुधा बारवरच ठोकलेले असतात. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधल्या अंतराचा निम्मा भाग. बागेतल्या लहान-मध्यम मशीनवर ते सहसा ३/८ इंच लो प्रोफाइल किंवा ०.३२५ इंच असते. गेज म्हणजे ड्राइव्ह लिंकची जाडी, आणि ती बारच्या खाचेशी जुळलीच पाहिजे: १.५ मिलिमीटरची लिंक १.३ मिलिमीटरच्या खाचेत उतरणार नाही, आणि उलट केल्यास चेन खाचेत डुगडुगेल. ‘चालून जाईल’ म्हणून दुकानात पुढे केलेली चेन घेऊ नये. जुनी चेन सोबत नेऊन लिंक मोजून घ्याव्यात.

ताण देण्याची रीत

मशीन बंद करावे आणि ते पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीवर चालणारे मशीन असल्यास बॅटरी काढून बाजूला ठेवावी. हातात जाड हातमोजे घालावेत, कारण थांबलेल्या चेनचा दातही बोट कापतो. मशीन सपाट बाकावर किंवा ओंडक्यावर स्थिर ठेवून प्रथम चेन ब्रेक सोडावा, म्हणजे पुढच्या हँडलसमोरचा हातरक्षक आपल्याकडे ओढून घ्यावा. ब्रेक लागलेला असताना चेन हाताने हलत नाही, आणि नवखा माणूस ती फार ताणलेली आहे असे समजून विनाकारण सैल करत बसतो. शिवाय ज्या मशीनमध्ये ब्रेकचा पट्टा बाजूच्या कव्हरमध्येच बसवलेला असतो, त्यात ब्रेक लावून कव्हर काढले तर पट्टा आवळलेल्या स्थितीत राहतो आणि कव्हर पुन्हा क्लचच्या ड्रमवर बसत नाही.

यानंतर मशीनसोबत मिळालेल्या पान्याने बारचे नट अर्धा ते एक फेरा सैल करावेत. ते काढायचे नाहीत, बार वर-खाली हलू शकेल इतकेच सोडायचे. लहान मशीनला एक नट असतो, मोठ्यांना दोन. आता बारचे पुढचे टोक हाताने वर उचलून धरावे आणि टोक तसेच धरून ठेवून दुसऱ्या हाताने ताणाचा स्क्रू फिरवावा. हा स्क्रू काही मशीनमध्ये पुढच्या बाजूला, लाकडाला टेकणाऱ्या लोखंडी काट्यांजवळ असतो, काहींत बाजूच्या कव्हरमध्ये. तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की आतली खुंटी बारला पुढे ढकलते आणि चेन ताणली जाते. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. बारच्या खालच्या कडेला लोंबणारी चेन हळूहळू वर येते आणि तिच्या पट्ट्या बारला टेकतात. बार आणि चेन यांच्यामधून उजेड दिसेनासा झाला की थांबावे. टोक अजूनही वरच धरलेले असताना नट घट्ट आवळावेत.

टोक उचलून धरण्याची ही बाब अनेकांना क्षुल्लक वाटते, पण सगळ्या कृतीचा जीव तिच्यातच आहे. बारच्या मागच्या भोकात आणि बोल्टमध्ये थोडी मोकळीक असते. टोक खाली असताना ताण दिला तर त्या वेळी चेन नीट दिसते. पुढे लाकडावर मशीन टेकताच बारचे टोक वर ढकलले जाते आणि मोकळीक संपते तितकी चेन सैल पडते. पाच मिनिटांपूर्वी ताणलेली चेन पहिल्याच फांदीवर लोंबू लागली, तर कारण बहुधा हेच असते.

आता तपासणी. बारच्या मधोमध वरच्या बाजूची चेन दोन बोटांनी उचलावी. ड्राइव्ह लिंक थोड्या वर याव्यात, पण त्यांची टोके खाचेतून पूर्ण बाहेर पडू नयेत, आणि सोडताच चेन आपल्या जागी परत बसावी. मग चेन हाताने बारवरून पुढे ओढून पाहावी. ती अडखळल्याशिवाय सरकली पाहिजे. एका जागी अडत असेल तर एखादी लिंक वाकलेली आहे किंवा टोकाच्या चाकात भुसा बसला आहे. सायकलच्या चेनला थोडा झोल ठेवायची सवय असलेला माणूस येथेही झोल ठेवू पाहतो, पण खाचेबाहेर उसळलेली चेन थेट हाताच्या दिशेने येऊ शकते. उलट फार ताणलेली चेन बारच्या कडा, टोकाचे चाक आणि क्लचमागचे बेअरिंग झिजवते, आणि इंजिनाची बरीच ताकद ती फिरवण्यातच जाते.

चेन नव्याने चढवताना दिशा पाहून घ्यावी: बारच्या वरच्या कडेवरील दातांची धार पुढच्या टोकाकडे असली पाहिजे. उलटी चढवलेली चेन ताणाच्या सगळ्या कसोट्यांना उतरते, फक्त कापत नाही. नुसता धूर आणि पिठासारखी धूळ निघते.

गरम चेन आणि नवी चेन

काम सुरू झाल्यावर चेन तापते, लांबते आणि सैल पडते. हे स्वाभाविक आहे. अशा वेळी शक्य तर मशीन थांबवून चेन थंड होऊ द्यावी आणि मगच ताण पाहावा. थांबणे शक्य नसेल आणि लिंक खाचेबाहेर येऊ पाहत असतील तर गरम चेन जेमतेम ताणावी, पण काम संपताच ती पुन्हा सैल करण्यास विसरू नये. गरम असताना ताणून तशीच ठेवलेली चेन थंड होताना आखडते आणि तिचा सगळा ओढा क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगवर येतो. तासाभराच्या कामानंतर मशीन खोलीत ठेवताना चेन थोडी सैल करून ठेवण्याची सवय मला सर्वात उपयोगी वाटते. दुसऱ्या दिवशी ताण नव्याने द्यावा लागतो, आणि त्या निमित्ताने मशीन एकदा नजरेखालून जाते.

नव्या चेनचे रिव्हेट आणि सांधे बसायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या तासात ती अनेकदा ढिली पडते. चढवल्यावर मशीन दोन-तीन मिनिटे कमी वेगाने रिकामे चालवावे, बंद करून चेन थंड होऊ द्यावी, ताण पाहावा, मग बारीक फांद्यांवर काम सुरू करावे. एरवी दर वेळी पेट्रोल भरताना ताण पाहिला तरी पुरे. टाकी रिकामी होईपर्यंत चेनही तपासणीला आलेलीच असते.

चेन सतत ढिली का पडते

चेन बसून झाल्यानंतरही दर दहा मिनिटांनी पाना हाती घ्यावा लागत असेल, तर स्क्रू फिरवत राहण्यापेक्षा कारण शोधावे.

पहिला संशय तेलावर घ्यावा. बारला तेल पोचत नसेल तर चेन घर्षणाने भलतीच तापते आणि लांबते. तपासण्यासाठी मशीन चालू करून बारचे टोक फिकट रंगाच्या ओंडक्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या समोर, साधारण वीतभर अंतरावर धरावे आणि वेग वाढवावा. काही सेकंदांत तेलाच्या बारीक थेंबांची रेघ उमटली पाहिजे. टोक जमिनीला किंवा पुठ्ठ्याला लागू देऊ नये. याहून सोपी खूण टाक्यांची आहे: पेट्रोल संपत आले तेव्हा तेलाची टाकीही बरीच उतरलेली असावी. ती अजून भरलेली दिसली तर बारच्या मागच्या भागातले तेलाचे बारीक भोक भुशाच्या लगद्याने बुजलेले असण्याची शक्यता मोठी. ते तारेने मोकळे करावे. तेल चेनसाठीचेच, चिकट प्रकारचे वापरावे; गाडीतून काढलेले काळे ऑइल फुकट मिळते म्हणून घालू नये. त्यात धातूचा कीस असतो, तो पंप आणि बार दोन्ही खरवडतो, आणि उडालेले तेल कातडीवर बसते तेही अपायकारक असते.

दुसरा संशय धारेवर घ्यावा. बोथट दात लाकूड कापत नाहीत, घासतात. मशीन दाबावे लागते, दाबामुळे उष्णता वाढते, उष्णतेने चेन लांबते. चांगल्या धारेच्या चेनमधून जाड ढलप्या पडतात. पिठासारखा भुसा पडू लागला की ताण नव्हे, कानस आठवावी. आपल्याकडे धार जाण्याचे मोठे कारण जमीन हे आहे. आडवा पडलेला ओंडका कापताना शेवटच्या इंचाला चेन जांभ्याला किंवा लाल मातीला लागली, की एका क्षणात धार उतरते. ओंडक्याखाली दुसरे लाकूड सारून तो उचलून घ्यावा. कुंपणाच्या झाडात रुतलेली जुनी तार आणि खिळे आधी पाहावेत. नारळाच्या खोडाचा बाहेरचा थर कठीण असतो. तो कापताना कानस जवळ असलेली बरी.

तिसरा संशय स्प्रॉकेटवर. बाजूचे कव्हर काढून स्प्रॉकेटच्या दातांवर लिंकने पाडलेले चर पाहावेत. चर साधारण अर्ध्या मिलिमीटरहून खोल असतील तर स्प्रॉकेट बदलावे. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन घालणे हा पैसा वाया घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे, कारण नवी चेन काही दिवसांतच त्या झिजेप्रमाणे खराब होते. बदलण्यासाठी क्लच काढावा लागत असेल तर ते काम नवख्याने मेकॅनिककडे द्यावे; क्लचचे आटे बहुधा उलटे असतात आणि जोर लावताना आतला भाग मोडू शकतो.

स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही चेन सैलच राहिली, तर तिचे रिव्हेट झिजले आहेत. एखादी लिंक काढून चेन आखूड करण्याचा सल्ला कोणी दिला तरी नवख्याने तो मानू नये; चेन बदलावी.

बारची निगा

चेन उतरवल्यावर बारच्या खाचेतला काळा गाळ पातळ पत्र्याच्या तुकड्याने ओढून काढावा. कडांवर नख फिरवून पाहावे; बाहेर वळलेली धारदार किनार लागली तर सपाट कानशीने ती घासावी. दर वेळी धार लावताना बार उलटा करून बसवावा, म्हणजे कापण्याचा भार सोसणारी खालची कड एकटीच झिजत नाही. खाच उरली आहे का, हे पाहण्यासाठी चेन चढवलेली असताना एक सरळ पट्टी दाताच्या बाजूला आणि बारला टेकवावी. पट्टी आणि बार यांच्यात फट राहिली तर खाच ठीक आहे. चेन कलंडून पट्टी बारला चिकटली तर कडा झिजल्या आहेत, आणि असा बार कितीही ताण दिला तरी तिरपा कापतो.

धार लावणे

गोल कानशीचा व्यास चेनप्रमाणे ठरतो: ३/८ लो प्रोफाइलला ४ मिलिमीटर, ०.३२५ ला ४.८ मिलिमीटर. सैल चेनवर धार लावता येत नाही, दात कलतो. म्हणून आधी ताण नीट करावा आणि बार शिकंज्यात किंवा ओंडक्यातल्या खाचेत घट्ट धरावा. चेन ब्रेक लावला की चेन सरकत नाही. पुढचा दात घेताना ब्रेक सोडावा. कानस दाताच्या आतून बाहेर, फक्त पुढे ढकलताना चालवावी आणि मागे घेताना उचलावी. बहुतेक चेनना कोन ३० अंशांचा असतो आणि त्याची रेघ दातावर कोरलेली असते. कानशीचा सुमारे पाचवा हिस्सा दाताच्या माथ्याच्या वर राहावा. एका बाजूचे सगळे दात संपवून मग दुसरी बाजू घ्यावी, आणि सर्वांत आखूड दात असेल त्याच्या लांबीला बाकीचे आणावेत. डावे दात लांब आणि उजवे आखूड राहिले तर मशीन लाकडात वळत जाते.

दोन-चार वेळा धार लावल्यावर रेकरही उतरवावे लागतात. त्यासाठी मापपट्टी मिळते; दाताच्या माथ्यापासून रेकर साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. मापपट्टीशिवाय अंदाजाने रेकर घासू नयेत. ते फार उतरले तर दात लाकडात खोल रुततो, मशीन हिसके देते आणि टोकाच्या वरच्या भागाचा स्पर्श झाल्यास अंगावर उसळण्याचा धोका वाढतो.

इंजिनाची किमान काळजी

एअर फिल्टर काढण्याआधी चोक बंद करावा, नाहीतर भुसा कार्बोरेटरमध्ये जातो. फिल्टर झटकावा, चिकट झाला असल्यास साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा. सिलिंडरच्या पंख्यांमधला आणि स्टार्टरच्या जाळीवरचा भुसा ब्रशने काढावा. स्पार्क प्लगमधली फट बहुतेक मशीनला ०.५ मिलिमीटर लागते.

पेट्रोल आणि टू-स्ट्रोक ऑइल यांचे प्रमाण पुस्तिकेत असेल तेच ठेवावे. पन्नासास एक असेल तर लिटरला २० मिलिलिटर, पंचविसास एक असेल तर ४०. हे मोजमाप औषधाच्या टोपणाने नव्हे, मापाच्या भांड्याने करावे, आणि मिश्रण टाकीत नव्हे तर वेगळ्या डब्यात हलवून करावे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल ओढते, म्हणून महिन्याभरात संपेल इतकेच मिश्रण तयार करावे आणि आपल्या मशीनला किती इथेनॉल चालते ते पुस्तिकेत पाहून घ्यावे. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतू नये, आणि भरल्याच्या जागेपासून तीन मीटर दूर जाऊन मशीन चालू करावे.

रोज काम सुरू करताना दोन गोष्टी पाहाव्यात. मशीन नुसते चालू असताना, म्हणजे ट्रिगर सोडलेला असताना, चेन फिरता कामा नये; फिरत असेल तर आयडलिंग कमी करून घ्यावे आणि तोवर काम करू नये. दुसरे, चेन फिरत असताना हातरक्षक पुढे ढकलला की ती तत्क्षणी थांबली पाहिजे.

पावसाळ्यात ठेवताना

जूनमध्ये धोकादायक फांद्या उतरवून झाल्या की मशीन बरेचदा दिवाळीपर्यंत पडून राहते, आणि कोकणातली हवा उघड्या पोलादाला गंजवल्याशिवाय सोडत नाही. टाकीतले पेट्रोल काढून घ्यावे, उरलेले संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत मशीन चालू ठेवावे, म्हणजे कार्बोरेटरमध्ये चिकटा धरत नाही. चेन उतरवून ब्रशने साफ करावी आणि तेलात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवावी. बारला तेलाचा हात द्यावा. मशीन फरशीवर न ठेवता फळीवर, गोणपाटाने झाकून ठेवावे. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले तर आत दमट हवा कोंडते. वादळाचा इशारा आला तर मात्र मशीन तयारच हवे: चेन चढवून थंड असतानाच ताण द्यावा, तेलाची टाकी भरावी, ताजे मिश्रण घालावे आणि दोन मिनिटे चालवून तेलाची रेघ उमटते का, ते पाहून घ्यावे.